अँब्रोसची नवी पानं

अँब्रोस केटलीला अक्षर दिसेनासं झालंय, हे लीड्सच्या त्या रेडिओ स्टुडिओत एकट्या विनीला ठाऊक होतं. नव्वदी ओलांडलेला हा गडी नाटक, सिनेमा, रेडिओवरच्या बातम्या, सगळं करून चुकला होता. आता उरली होती ती कालव्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याची मालिका. तिच्यात विनी त्याची बायको मॅगी, गेली चाळीस वर्षं. खरा नवराही विनीला इतका लाभला नव्हता.

रेडिओवर सगळे कागद बघून बोलतात. अँब्रोस मात्र लेकीकडून वाचून घेऊन अख्खा भाग पाठ करायचा आणि तरी हातात कागद धरून उभा राहायचा. विनीनं कोपरानं ढोसलं की पान उलटायचा, जराही आवाज न करता. बिंग फुटलं तर पुढच्याच आठवड्यात मालिकेतल्या म्हाताऱ्याला न्यूमोनिया होणार, हे दोघंही ओळखून होते. आणि काम सुटलं की हा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या संपेल, याची विनीला धास्ती होती.

त्या सकाळी दिग्दर्शिका शोनानं ऐन वेळी नवी पानं वाटली. "शेवटचा प्रवेश बदललाय हं. थेट रेकॉर्डच करू."

अँब्रोसचा चेहरा पांढराफटक पडला.

"घाबरू नकोस," विनी पुटपुटली. "तू नुसता हुंकार दे. बाकी माझ्यावर सोड."

लाल दिवा लागला आणि विनी सुटली. "गप्प का? दाराची बिजागरी गंजलीय, हेच म्हणणार ना? आणि मुलाकडे राहायला जायचं नाही, हेही ऐकवशील आता!" त्याची वाक्यं ती बायकोच्या कटकटीत कोंबून रेटत होती. अँब्रोस "हं, हं" करत होता, तेही झकास.

काचेपलीकडून शोनाचा आवाज आला. "विनी, त्यांचे सगळे संवाद तुम्हीच खाल्लेत की! काय चाललंय काय?"

विनी काहीतरी थाप मारणार, तेवढ्यात अँब्रोसनं पानं टेबलावर ठेवली. "तिला बोलू नकोस, पोरी. मला दिसत नाही. ईस्टरपासून एक अक्षर दिसलेलं नाही."

शोना बाहेर आली. तिनं पानं उचलून विनीच्या हातात कोंबली. "मग खुळ्यासारखं लपवत काय बसलात दोघं? तुम्ही वाक्य सांगा, ते म्हणतील. तुकड्या-तुकड्यानं करू. आणि झाल्याशिवाय चहा नाही!"

विनी एकेक वाक्य सांगत गेली, तो म्हणत गेला. शेवटचं तिनं वाण्याची यादी वाचावी तसं वाचलं. "'तू होतीस म्हणून अंधारातही मला घर सापडलं, मॅगी.' बस, एवढंच. पुन्हा सांगू?"

"नको. एकदा पुरे."

दिवा लागला. विनीचा श्वास जिथून ऐकू येत होता तिकडे अँब्रोसनं तोंड वळवलं आणि ते वाक्य अगदी हळू, तिला एकटीला सांगितल्यासारखं म्हटलं.

पुढचं वाक्य विनीचं होतं. कागद हातात होता, नजर चांगली धडधाकट होती. पण तिला एक अक्षर दिसेना.