चिनी मलमाची डबी

अमेरिकेत लढाई पेटली अन् इकडे दर्यापूरच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पण भाव चढला म्हणून बोंडं काही मऊ झाली नाहीत! वाळल्या बोंडांची टोकं मैनाबाईच्या बोटांत शिरायची, नखांच्या कडा फाटायच्या. शेवटी पांढऱ्याशुभ्र कापसावर रक्ताचे ठिपके दिसले, तसे भगवंतराव मालक कडाडले, "मैनाबाई, डागी कापूस व्यापारी घेत नाही. उद्यापासून येऊ नको."

वीस वर्षं वेचणीतली पहिली पात, म्हणजे सगळ्यांच्या पुढची ओळ, तिचीच. नवरा गेला तेव्हा त्या पातीनंच तिला जगवलं होतं. ती पात सुटली, हे बोटांपेक्षा जास्त झोंबलं.

शेजारची खुर्शीदबी अंगणात अंबाडीचे दोर वळत होती. तिचा नवरा कुर्बान कापसाच्या गाड्या हाकायचा, नुकताच मुंबईपर्यंत जाऊन आला होता. मैनाबाईचं रडगाणं ऐकून ती उठली अन् घरातून एक इवलीशी डबी आणून तिनं मैनाबाईच्या हातावर ठेवली.

मैनाबाईनं झाकण उघडलं. आत मेणासारखं काहीतरी, लालभडक. तिचं डोकंच फिरलं.

"मेण-कुकू? मले? नवरा जाऊन बारा वर्सं झाली, अन् तू मले कुकू देतं? थट्टा करून राहिली काय वो?"

"या अल्ला! कुकू नोहे, मलम हाय!" खुर्शीदबीनं कपाळावर हात मारून घेतला. "बंदरावर एका चिनी खलाशानं आमच्या घरच्यायले देल्लं. त्यायच्याकडं कोन्तीतरी लाल मुळी तिळाच्या तेलात उकळतेत, मेण घालतेत. चिरा भरून येतेत म्हने. सांजेले लाव, सकाळी धुऊन टाक."

मैनाबाई अशी ओशाळली की विचारू नका.

चार दिवसांत भेगा मिटल्या. पाचव्या दिवशी ती कुणाला न विचारता शेतात शिरली, ओटीभर कापूस वेचून मालकांपुढे ओतला. भगवंतरावांनी तो चिवडचिवडून पाहिला. एक डाग सापडेना.

"धर तुझी पात," ते दुसरीकडे बघत म्हणाले.

मैनाबाई डबी परत द्यायला पळतच आली. खुर्शीदबीनं हात पुढे केला, तर तळव्याची कातडी दोरानं सोललेली, बोटं चिरलेली.

"हे काय वो? अन् मलम सारं मले देल्लं?"

"माह्या दोराले रक्त लागलं तर कोन पायते?"

मैनाबाईला रडूच फुटलं. तिनं दोर बाजूला फेकला, खुर्शीदबीचे दोन्ही हात मांडीवर ओढून घेतले अन् डबीच्या कडांना चिकटलेलं मलम बोटानं खरवडून काढू लागली.

"मी पायतो," ती म्हणाली. "हालू नको."