सबासच्या पिस्तुलाची मूठ

सबास माझ्या दारात आला तेव्हा त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात चिंधी गुंडाळलेली होती. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

"पिस्तुलाचा घोडा चावतो गं, लुदिविना," तो म्हणाला. "मागची सेफ्टी नीट घडवून दे. हात वर चढला पाहिजे, पण चावता कामा नये. जत्रेआधी हवंय."

आमच्या अख्ख्या दानाओ गावात घरोघरी पिस्तुलं घडवणारी कानस चालते, तरी मेला माझ्याकडेच आला! मुठीमागची ही सेफ्टी तळहातानं दाबली तरच गोळी सुटते. ती ज्याच्या त्याच्या हाताला बसवावी मीच, हे गाव जाणतं. आणि सबासला वाटलं, मी सगळं विसरले.

कशी विसरेन? सांतो तोमासच्या जत्रेतल्या नेमबाजीत शिट्टी वाजली की झटक्यात पिस्तूल उपसून उभे पत्रे पाडायचे असतात, आणि त्यात माझा धाकटा भाऊ होनोरियो पहिला यायचा. एका वर्षी हाच सबास, त्याचा जिवलग दोस्त, आदल्या दिवशी तेलपाणी करून देतो म्हणून त्याचं पिस्तूल घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी होनोरियोनं चाप ओढला, गोळी सुटेना. पुन्हा ओढला. लोक हसायला लागले. सबास ओरडला, "पिस्तूल चांगलंय रे, हात कच्चा आहे!" बक्षीस त्यानंच नेलं. घरी आल्यावर मी पाहिलं, तर सेफ्टीवर जिथं तळवा दाबतो तो उंचवटा पार घासून टाकलेला. होनोरियोला दाखवला, तर म्हणाला, "ताई, मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस." तेव्हापासून त्यानं पिस्तुलाला हात लावला नाही. बंदरावर मासळीच्या टोपल्या उचलतो आणि माडी पीत बसतो. जळतो नुसता माझा जीव.

"बस," मी सबासला म्हटलं. त्याच्या तळव्याला काजळी फासली आणि पिस्तूल धरायला लावलं. सावकाश धरलं की सेफ्टीवर काळा डाग उमटायचा. झटक्यात उपसलं की अंगठा वर चढायचा, तळवा पोकळ राहायचा आणि डाग जेमतेम लागायचा. मला हवं ते मिळालं.

सेफ्टीचं बेचक्यावर येणारं शेपूट लांब आणि गोल केलं, आता घोडा चावणार नव्हता. मग डब्यातून होनोरियोच्या मुठीचा जुना मेणाचा साचा काढला आणि उंचवटा त्या मापाला उतरवत गेले. आम्हा दोघांचे हात आईसारखे, भरलेले; झटक्यात उपसलं तरी तळवा सेफ्टीवर टेकतोच. कानशीच्या प्रत्येक फटक्याला सबासला एक शिवी हासडली. फार बरं वाटलं.

न्यायला आला तेव्हा वाळूच्या पिंपात त्यानं सावकाश, ऐटीत गोळ्या झाडल्या. सगळ्या सुटल्या.

"वा! माझा हात विसरली नाहीस हं."

"मी काहीच विसरत नाही," मी म्हटलं. तो खो खो हसला.

जत्रेत मी होनोरियोला ओढतच नेलं. शिट्टी वाजली, सबासनं झटक्यात पिस्तूल उपसलं आणि चाप ओढला. गोळी सुटली नाही. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. लोक हसले, आणि त्याचा तोल गेला.

"हिनं बिघडवलंय! हिनंच!"

आमच्याकडे कारागिरावर आळ घेतला की हत्यार तिथंच कारागिराच्या हातात द्यायचं. त्याच्या हातून गोळी सुटली, तर आळ घेणाऱ्यानं मैदान सोडायचं, कायमचं. मी पुढे झाले, झटक्यात उपसलं आणि झाडलं. एक सोडून सगळे पत्रे आडवे.

"पिस्तूल चांगलंय, सबासदादा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हात कच्चा आहे."

असा हशा पिकला म्हणून सांगू! सबास पिस्तूल मागायला आला, पण ते मी होनोरियोच्या हातात दिलं होतं. त्यानं नको नको म्हणत मूठ आवळली. पुन्हा आवळली.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "ही तर माझी मूठ आहे."

"हो."

"म्हणजे एकाच्या हातून सुटेल, दुसऱ्याच्या नाही, असं करता येतं?"

"येतं ना."

"मग तेव्हा माझा हात..."

"तुझ्या हाताला काही झालं नव्हतं रे, वेड्या. कधीच नव्हतं."

त्याचे डोळे भरले. सबास हात पुढे करून उभाच होता. होनोरियोनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो रेषेवर गेला, उरलेला पत्रा पाडला, आणि मग पिस्तूल सबासच्या हातात दिलं.