चौतीस टक्के

मी एक जुनी व्यायामाची सायकल आहे. मला पायडल आहेत, सीट आहे, पण रस्त्यावर धावणारी चाकं नाहीत. कोपरी नावाच्या वस्तीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलापासून चार पावलांवर मी उभी असते. मित्रांनो, यंत्राला कसली लाज, असं तुम्ही म्हणाल. मला आहे. तिचीच ही गोष्ट.

सहा वर्षांपूर्वी खोक्यातून सुट्ट्या भागांत मी इथे आले. हेमाताई बँकेत नोकरीला. त्यांची साखर वाढली होती. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आणि नौपाड्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर आसावरींनी त्यांना सांगितलं होतं, "एक मिनिट जोरात मारायची, दोन मिनिटं हळू. अशा आठ फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस."

मला जोडणाऱ्या माणसाने माझ्या पडद्यात हेमाताईंचं वय, उंची आणि ब्याऐंशी किलो वजन भरलं. माझ्या मुठी धरल्या की शरीरात चरबी किती, ते मी या माहितीच्या आधाराने सांगत असे.

हेमाताई नेमाने बसू लागल्या. चार महिन्यांत वजन थोडंच उतरलं, पण कंबर दोन इंच कमी झाली, साखरही आवाक्यात आली. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या माझ्यावर थाप मारून सांगत, "हिच्यामुळे!" मी फुशारून जायचे.

एकदा त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "जोरात मारून उतरले की भूकच लागत नाही. असं कसं?"

"भूक लावणारं एक संप्रेरक असतं, घ्रेलिन. जोराच्या व्यायामाने ते थोडा वेळ खाली जातं," डॉक्टर म्हणाल्या. "पण तासा-दोन तासांत परत येतं. जेवण चुकवायचं नाही हं!"

टेबलाशी हेमाताईंची मुलगी ऋजुता अभ्यास करत होती. तिने पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं बहुधा ऐकलंच नाही.

गेल्या वर्षी ती बारावीला गेली. कॉलेजच्या नाटकासाठी शिवलेला परकर तिला घट्ट झाला, तेव्हा कुणीतरी हसलं. त्या दुपारी घरात कुणी नसताना ती माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या मुठी घट्ट धरल्या. मी हिशेब केला आणि दाखवलं, चौतीस टक्के.

मित्रांनो, ती पन्नास किलोची सतरा वर्षांची मुलगी होती. माझ्या पोटात मात्र तिच्या आईचं वजन होतं, आईचं वय होतं. तो आकडा तिचा नव्हताच. ती किती तरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग तिथेच फरशीवर बसून रडली. मी तो आकडा उजळवत उभी होते.

मग ती रोज माझ्यावर बसू लागली. जेवायच्या अगदी आधी. भूक मेल्यासारखी झाली की म्हणायची, "आई, मी कॉलेजला खाल्लेलं. आता नको." डबा भरलेला परत यायचा, तो ती गुपचूप कचऱ्यात रिकामा करायची.

हेमाताई कौतुकाने म्हणाल्या, "बारीक झालीस गं! छान दिसतेस."

पण दडपलेली भूक संध्याकाळी दुप्पट होऊन यायची. एकदा तिने ओट्यापाशी उभ्या उभ्या बेसनाचे सात लाडू खाल्ले. शेवटचा खाताना ती रडत होती. तोंड पुसून ती पुन्हा माझ्यावर चढली.

एका रविवारी दुपारी पाचव्या फेरीत तिचा पाय पायडलवरून निसटला. ती बाजूला कोसळली. माझ्या लोखंडी पायावर आपटून तिची हनुवटी फाटली. हेमाताई किंचाळल्या. डॉक्टर आसावरी धावत वर आल्या. त्यांनी जखम दाबून धरली, नाडी पाहिली.

"ऋजुता, सकाळपासून काय खाल्लंस?"

तिने डोळे मिटून घेतले.

"कालपासून?"

"चौतीस टक्के दाखवते ती," ऋजुता हुंदका देत म्हणाली. "मी कितीही केलं तरी. मग लाडू पण खाते मी, हावरटासारखे. मला माझीच लाज वाटते."

हेमाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "अगं, त्यात माझं वजन घातलंय. तुझं नाही, माझं! मला सांगायचंस ना!"

"काय सांगणार? तू रोज आरशासमोर म्हणतेस, काय हे पोट, लाज वाटते."

हेमाताई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

डॉक्टर ऋजुताचा हात धरून म्हणाल्या, "हावरट नाहीयेस तू, उपाशी आहेस. शरीराला अन्न मिळालं नाही की पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन घटतं, आणि घ्रेलिन ओरडायला लागतं. तुझं शरीर तुला वाचवत होतं."

हनुवटीला चार टाके पडले. पुढचे कित्येक महिने ती एका समुपदेशक बाईंकडे जात होती. आता ती जेवते. काही दिवस सहज, काही दिवस ताटाकडे बघत बघत. माझ्यावर ती पुन्हा बसलेली नाही. हेमाताईंनी माझा पडदा काढून टाकला, तेव्हा मला बरंच वाटलं.

मित्रांनो, व्यायाम जरूर करा, पण पोटाला खाऊन. यंत्राने आकडा सांगितला, तर तो कुणाचा आहे ते विचारा. आणि तुमची मैत्रीण रोज "मला भूक नाही" म्हणत असेल, तर तिच्याजवळ बसून विचारा, काय झालंय. मी रोज तिच्या इतक्या जवळ होते, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.