प्रकरण सातवे

"बाई, पुन्हा! पुन्हा चालू केलं कोनं तरी!" मिथुननं खुर्ची मागं ढकलली, ती भिंतीवर आपटली. "मी इथून बंद करतो अन् तिकडं कोनी तरी चालू करून ठेवते. भूत हाय का काय त्या संस्थेत?"

प्रेमिलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मच्छीमार संस्थांच्या चंद्रपुरातल्या या संघात आल्यापासून मिथुनला दर आठवड्याला एखादं भूत दिसत असे. पोरगा हुशार, कामाला वाघ, पण राग नाकाच्या शेंड्यावर.

"कोनती संस्था?"

"मूलच्या पुढची. तळ्याकाठची. अजून कोनती!"

मामला असा होता. प्रत्येक संस्थेत एक संगणक काट्याजवळ, दुसरा सचिवाच्या खोलीत. काट्यावर मासळी तोलली की एकात नोंद करायची आणि तीच फाइल दुसऱ्यात उघडायची. अशी देवाणघेवाण करायला दोन्ही यंत्रांना एक ठरलेली रीत लागते. त्या रीतीची पहिली आवृत्ती म्हणजे बिनकडीचं दार. नव्या आवृत्त्या येऊन जमाना लोटला, तरी संघ पहिलीलाच धरून बसला होता. गेल्या पावसाळ्यात एका संस्थेत त्याच दारानं व्हायरस शिरला आणि सभासदांच्या वर्षभराच्या नोंदी गिळून बसला. कोणी किती मासळी घातली, सगळं तोंडी राहिलं. भाऊ भावाच्या अंगावर धावून गेला. तेव्हा कुठं संघाचे डोळे उघडले. पहिली आवृत्ती सगळीकडे बंद करायची आणि संस्थांना वाटलेल्या संगणकाच्या मार्गदर्शिकेतून तिचं नावही पुसायचं, असं ठरलं. बंद करायचं काम मिथुनकडं आणि पुसायचं प्रेमिलाबाईंकडं. मार्गदर्शिका मुळात टाइप केली होती त्यांनीच. सांगितली होती तेव्हा संघाचे संगणक सांभाळणाऱ्या गुणवंतरावांनी.

आता सातवं प्रकरण समोर उघडं होतं. 'फोल्डर उघडत नसेल तर घाबरू नका. पुढील कृती करा.' आणि खाली ती जुनी आवृत्ती चालू करायच्या पायऱ्या. रोज सकाळी बाई ते वाक्य निवडायच्या आणि पुसायची कळ न दाबताच दुसऱ्या कामाला लागायच्या. नोकरीला नवीन होत्या तेव्हा त्या माऊसला हातच लावत नसत. "काऊन घाबरून राह्यली? हे काही चावत नाई," असं म्हणून गुणवंतरावांनी बाजूला बसून शिकवलं होतं. मार्गदर्शिकेतलं 'घाबरू नका' संघाच्या साहेबांनी खोडलं होतं. कार्यालयीन मराठीत असलं काही बसत नाही म्हणे. गुणवंतरावांनी ते पुन्हा घालायला लावलं.

बाईंनी तळ्याकाठच्या संस्थेत फोन लावला. तिथली ऑपरेटर चंचल, बोलायला एकदम मोकळी.

"चंचल, ते जुनं चालू कोन करते वं?"

"गुणवंतराव सायेब ना, बाई! महिन्या-पंधरा दिसात येतेत. फोल्डर अडलं का पुस्तक काढतेत, सातवं प्रकरण लावतेत, अन् देतेत चालू करून. तुम्हीच तं पाठवता त्याईले!"

प्रेमिलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. गुणवंतराव निवृत्त होऊन केव्हाचेच भद्रावतीला घरी बसले होते. निदान बाई तरी तसं समजत होत्या. त्यात फोन स्पीकरवर. मिथुननं सगळं ऐकलं.

"सापडलं भूत," तो म्हणाला. "सायबाच्या सहीनं पत्र काढतो आता. साऱ्या संस्थांले. या मानसाले संगणकाले हात लावू देऊ नका म्हनून."

"अरे, एकेका संस्थेत त्या मानसानं आपल्या हातानं वायर ओढली रे."

"ओढली असन. उद्या लोकायच्या नोंदी पुन्हा गेल्या तं कोन भरून देईन? गुणवंतराव?"

पोरगा खोटं बोलत नव्हता, आणि तेच बाईंना जास्त झोंबलं. पण ते पत्र गावोगावच्या सूचनाफलकावर लागणार, ज्या माणसाला खुर्ची पुसून देतात त्याला दारातून परत पाठवणार, हे त्यांना बघवणार नव्हतं.

"सोमवारपर्यंत थांब," त्या म्हणाल्या. "तोवर मले पाहू दे."

शनिवारी सकाळीच त्या भद्रावतीला उतरल्या. गुणवंतराव ओसरीवर बसून चपलांना पॉलिश करत होते. शेजारी पिशवी भरून तयार.

"प्रेमिला! आज इकडं कशी वाट चुकली?"

चहा त्यांनीच केला. कमळावहिनी गेल्यापासून तेच करत, आणि साखर घालताना हात सैल सोडत. बाईंनी तो गोड मिट्ट चहा अर्धा संपवला आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. व्हायरस, मिथुन, पत्र, सगळं.

गुणवंतरावांनी कप खाली ठेवला.

"संघानं पाठवलं, असं मी कधी म्हटलं नाई," ते म्हणाले. "त्याईनं तसं समजलं. मी नाई म्हटलं नाई, एवढंच."

"पन काऊन, भाऊ?"

"घर खायले उठते व. तिथी गेलं का खुर्ची देतेत, सायेब म्हनतेत. फोल्डर उघडलं का साऱ्याईचे चेहरे असे खुलतेत!" ते थांबले. "ज्या संस्थेतल्या नोंदी गेल्या, तिथी मी गेलतो का?"

"नाई जी. तिथी आधीपासूनच चालू होतं."

"आधीपासून म्हंजे म्याच चालू केलं होतं. पह्यल्यांदा."

बाईंनी उरलेला चहा पिऊन टाकला.

"चल," गुणवंतरावांनी पिशवी खांद्याला लावली. "चालू म्या केलं. बंद करायले त्या पोट्ट्याले काऊन तरास?"

दोन बस बदलून ते दुपारी पोचले. संस्थेच्या दारात अध्यक्षीण अंजनाबाई उभ्या होत्या, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. "सायेब आले, सायेब आले!" चंचलनं खुर्ची पुसली.

गुणवंतराव बसले नाहीत. "आधी ऐका," ते उभ्यानंच म्हणाले. "मले संघ पाठवत नाई. मी रिकामा मानूस हाय, माह्या मनानं येतो. अन् जे चालू करून देत होतो, ते आता धोक्याचं हाय. तुमच्या नोंदी जाऊ शकतेत. म्हून आज बंद करतो."

अंजनाबाईंनी चंचलकडं पाहिलं, चंचलनं जमिनीकडं. मग गुणवंतराव खुर्चीत बसले. कुठल्या खिडकीत शिरायचं, कुठली खूण काढायची, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. खूण निघाली. यंत्रानं पुन्हा सुरू करायची परवानगी मागितली, त्यांनी दिली, आणि पडदा काळा झाला. दुसऱ्या यंत्राचंही तसंच केलं. मग प्रेमिलाबाईंनी आपण छापून आणलेल्या, नव्या आवृत्तीच्या पानावरून एकेक पायरी चंचलकडून करवून घेतली. फोल्डर उघडलं. काट्यावरची सकाळची नोंद सचिवाच्या खोलीत जशीच्या तशी दिसली.

"अवो माय, हे तं पटकन उघडते!" चंचल बोलून गेली आणि लगेच जीभ चावली.

गुणवंतराव हसले. पण डोळे भरले होते त्यांचे, आणि ते लपवायला त्यांनी नवं पान उचलून वाचायला घेतलं.

"इथी 'घाबरू नका' नाई दिसून राह्यलं."

"सायेब खोडतीन, भाऊ."

"पह्यलेबी खोडलं होतं."

बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि पहिल्या ओळीच्या वर ते दोन शब्द लिहिले. मग बाहेर जाऊन मिथुनला फोन केला. "बंद झालं. त्याईनं आपल्या हातानं केलं." मग मिथुन म्हणाला, "मंग पत्र राहू द्या, बाई."

निघताना अंजनाबाई दोन रोहू घेऊन आल्या, नेहमीसारखे. गुणवंतरावांनी हात मागं घेतले.

"आज नाई, अंजनाबाई. आज म्या काहीच चालू नाई केलं."

"असं कसं जी?" अंजनाबाई म्हणाल्या. "जाळं टाकनाऱ्याले वाटा अन् काढनाऱ्याले नाई, असं आमच्या तळ्यावर नसते. धरा मुकाट्यानं."

गुणवंतरावांनी मान डोलवली. अंजनाबाई मासे बांधायला पळसाची पानं शोधू लागल्या, तर सकाळच्या गर्दीत पानं संपलेली. तेव्हा गुणवंतरावांनी पिशवीतून आपली जुनी मार्गदर्शिका काढली. कडा मळलेल्या, जागोजागी चिकटपट्टी. त्यांनी सातवं प्रकरण उघडलं, पानं एकेक करून शिवणीपासून अलगद सोडवली, नीट जुळवली आणि पुढं केली.

"यात बांधा," ते म्हणाले.

चंद्रपूरच्या बसस्थानकावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. भद्रावतीची गाडी लागली होती. गुणवंतरावांनी पुडकं बाकावर ठेवून सोडलं. कागद ओले होऊन मासळीला चिकटले होते, अक्षरं पसरली होती. त्यांनी अर्धे कागद वेगळे केले, त्यात एक रोहू गुंडाळला आणि बाईंच्या डब्याच्या पिशवीत ठेवला.

"अवं, मले काऊन?" बाई म्हणाल्या. "तुमचा वाटा हाय तो."

"सांगितलं म्या," गुणवंतराव गाडीत चढता चढता म्हणाले, "पन टाइप तं तूच केलं होतं ना."