बिनकाचेचं झाकण

कवचाची मागची कड बोटाच्या हलक्या दाबानेही आत वाकत होती. बोट उचललं की पूर्ववत होत होती, पण लगेच नाही. मधे एक क्षण जात होता. बराच वेळ पाण्यात राहिलेल्या नखासारखी ती कड होती. तिने पुन्हा दाबून पाहिलं नाही. एकदा नीट कळलेली गोष्ट दुसऱ्यांदा दुखवून बघण्यात अर्थ नव्हता.

कासव तिच्या तळहातावर मान आखडून बसलं होतं. कोटाच्या मोठ्या बटणाएवढं, म्हणून सासूबाईंनी त्याला बटण म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू जागा सोडताना ते लेकीच्या हाती देऊन गेले होते, प्लास्टिकच्या वाडग्यासकट. वाडग्यात प्लास्टिकचं एक झाडही होतं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीतच वाडगा बाजूला सारला. "याला पोहता येईल एवढं पाणी हवं, पाण्याबाहेर येऊन बसायला कोरडी, उबदार जागा हवी आणि तिच्यावर अतिनील दिवा. त्या किरणांशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. कवच असंच मऊ राहिलं तर हे जगायचं नाही." मग आवाज थोडा उतरवून म्हणाल्या, "पुढच्या तपासणीपर्यंत फरक दिसला नाही, तर मी याला कासवांच्या केंद्रात पाठवीन. आणि बरं झालं तरी विचार करून ठेवा. हे ताटाएवढं होतं. तुमची मुलगी तुमच्या वयाची होईल तेव्हाही हे असेल."

"पण बरं झालं तर आपण ठेवायचं ना, आई?" लेकीने तिथल्या तिथे विचारलं.

"बघू," ती म्हणाली.

घरात तिच्या या 'बघू'ची भरपूर थट्टा होई. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची इतकी वर्षं गेली होती की आकडा हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. "लग्नाला होकार देतानासुद्धा हिने आधी बघू म्हटलं होतं," सासूबाई येईल त्याला सांगत. "माझा मुलगा म्हणजे काय पाण्याचा नमुना होता?"

या वेळच्या 'बघू'मागे मात्र आकडा नव्हता, भीती होती. आज हो म्हटलं आणि कासव गेलं, तर लेकीच्या चेहऱ्याकडे कसं बघायचं, हे तिला सुचत नव्हतं.

नवऱ्याचं काचेचं दुकान होतं. त्याने टाकीचं काम असं अंगावर घेतलं की गिऱ्हाइकांच्या खिडक्या मागे पडल्या. जाड काच स्वतः कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या, सिलिकॉनचा सांधा इतका बारीक भरला की तो दिसण्यापेक्षा बोटालाच आधी कळे. एका बाजूला फरशीच्या तुकड्याचा उतरता ओटा केला. फिल्टर बसवला, पाणी गरम ठेवणारी कांडी बसवली, डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला दिवा आणला. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण सासूबाई म्हणाल्या, "हे चढून बाहेर आलं आणि माझ्या पायाखाली सापडलं म्हणजे?" त्यावर त्याने झाकण केलं. एकसंध काचेचं, बोट घालायला खाच असलेलं, बंद केल्यावर जराही न हलणारं. दिवा त्याच्या वर टांगला.

"बघ," तो म्हणाला, "झाकण आहे की नाही, कळतंय का?"

खरोखरच कळत नव्हतं.

बटणाने टाकी मनापासून स्वीकारली. दिवा लागला की ओट्यावर येई, मागचे पाय लांब ताणी आणि डोळे मिटून पडून राही. सासूबाई म्हणत, "या घरात निवांत काय ते हे एकच." ते खात होतं, पोहत होतं. ती रोज पाण्याचं तापमान घेई, ओट्याचं घेई, पाण्याचा नमुना कामावर नेऊन तपासून आणी. सगळं जिथल्या तिथे होतं आणि कवचाची कड तशीच वाकत होती.

"अगं, नुसतं मोजून कुठे काय होतं," सासूबाई म्हणाल्या. त्यात टोमणा होता, काळजीही होती. तपासणी जवळ आली. लेकीने 'ठेवायचं ना' हे विचारणंच सोडून दिलं, आणि ते तिला जास्त लागलं.

त्या दिवशी कामावर तिचं लक्ष नव्हतं. अतिनील प्रकाशात पाणी तपासायच्या यंत्रात तिने नमुन्याची छोटी चौकोनी नळी ठेवली आणि पडद्यावर अशक्य आकडा आला. नमुन्यात जणू शाई ओतली होती. तिने नळी बाहेर काढली. आत नितळ पाणी होतं.

"काचेची घेतलीस," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मान वर न करता म्हणाली. "क्वार्ट्झची घे. आम्हाला शिकवतेस आणि आपण विसरतेस."

साध्या काचेतून अतिनील किरण जात नाहीत, म्हणून ते जाऊ देणाऱ्या क्वार्ट्झच्या नळ्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. नव्या माणसाला ती हेच आधी सांगत असे. नळी हातात धरून ती उभीच राहिली. तिच्या डोळ्यांसमोर ते झाकण आलं, आहे की नाही तेही न कळणारं.

संध्याकाळी ती साहेबांना विचारून अतिनील किरण मोजायचं मीटर घरी घेऊन आली. पर्स खांद्यावरून न काढताच तिने ते ओट्यावर ठेवलं आणि झाकण लावलं. मीटरवर शून्य. झाकण सरकवलं. आकडा चढत गेला. पुन्हा झाकलं. शून्य.

नवरा मागे येऊन उभा राहिला होता. "तुझं यंत्र बिघडलंय. ही काच बघ, पलीकडचं सगळं स्वच्छ दिसतंय."

"अहो, जे दिसतं ते पलीकडे जातं. जे दिसत नाही ते अडतं."

त्याने मीटर स्वतः हातात घेतलं, झाकण तीनचार वेळा पुढे-मागे केलं. मग काचेच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाला, "म्हणजे इतके दिवस मीच त्याला उपाशी ठेवलं."

"मीही रोज इथेच उभी होते. हे कळणं तर माझं काम."

"आता दोघं मिळून रडत बसणार," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "की त्याला बाहेर काढणार?"

"बाहेर नको, आई. फक्त झाकण काढायचंय," ती म्हणाली.

झाकण काढलं तर ऊब उडून गेली, ओटा थंड पडला. यावर तोड नवऱ्यानेच काढली. टाकीच्या चारही भिंती त्याने काचेनेच वीतभर उंच केल्या आणि वर तारेच्या मोकळ्या जाळीची चौकट बसवली. मग ती ओट्यावर मीटर धरून बसली आणि तो स्टुलावर चढून दिव्याची साखळी हलवू लागला. जाळीतूनही आकडा हवा तेवढा यायला हवा होता.

"खाली घ्या. आणखी थोडा. नाही, फार झाला. वर. थांबा."

"थांबलो. हात भरून आला."

"बांधा तिथेच."

सासूबाईंनी चष्मा लावून सगळं पाहून घेतलं. "काचवाल्याच्या घरात बिनकाचेचं झाकण. कुणाला सांगू नकोस रे, गिऱ्हाईक पळेल."

"उलट पाटी लावतो," तो म्हणाला. "काच कुठे लावू नये, तेही सांगितलं जाईल."

तिने डॉक्टरीणबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं आणि आणखी काही आठवडे मागून घेतले. "देते," त्या म्हणाल्या, "पण यापुढे नाही." त्या आठवड्यांत तिने एकदाही कड दाबून पाहिली नाही. मोजायची सवय असलेल्या बाईला हे सोपं गेलं नाही.

तपासणीला सगळं घर गेलं. सासूबाई म्हणाल्या, "मी आपली पाय मोकळे करायला आलेय," आणि दवाखान्यात शिरून सर्वांत पुढच्या खुर्चीवर बसल्या. डॉक्टरीणबाईंनी बटणाला उचललं, कड अंगठ्याने दाबली. मग जोर वाढवून दाबली. मग नखाने कवचावर वाजवलं. टक्.

"पुन्हा करा," लेक म्हणाली.

टक्.

"कवच छान धरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. नवऱ्याने तिच्याकडे बोट दाखवलं, नेमकं त्याच वेळी तिने त्याच्याकडे. बटणाने मान बाहेर काढून सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि ते डॉक्टरीणबाईंच्या हातावरून खाली उतरायला पाय झाडू लागलं. त्या झाडण्यात आता ताकद होती.

"मग केंद्राला काय कळवू? तिथे जागा राखून ठेवलीय मी."

नवऱ्याने छताकडे पाहिलं. सासूबाईंच्या ओठांवर सुनेचा शब्द सुनेच्या आधीच तयार होता.

तिने हात पुढे केला. बटण तिच्या तळहातावर आलं, पूर्वीपेक्षा टणक, आणि या वेळी मान न आखडता. तिने लेकीकडे पाहिलं.

"जागा दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली. "बटण आपल्याकडेच राहणार."