गोठ्यातली चक्कर

"अहो, आधी मालकाला नमस्कार तरी करा," मी दारातच म्हटलं.

"तो कुठे पळून जातोय?" म्हणत हे सरळ गोठ्यात शिरले.

हे शेतकी शाळेत मास्तर. मुलं कामाचा अनुभव घ्यायला ठिकठिकाणच्या गोठ्यांवर जाऊन राहत, आणि ती काय शिकली हे तपासायला ह्यांची फेरी असे. त्या दिवशी पुढे बहिणीकडे जायचं म्हणून मीही सोबत होते. ह्यांची रीत ठरलेली. मालकाचं मत नंतर. आधी शिकणाऱ्याला गोठ्यातून एक चक्कर मारायला लावायची आणि आपण गाईंकडे बघत उभं राहायचं. "गाईला शेरा लिहिता येत नाही, म्हणून तर मला जावं लागतं," म्हणायचे.

इथे शिकायला एक मुलगी होती. बारीक चणीची, तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी इतकी गप्प. ती निघाली तशा गाई माना वळवू लागल्या. एकीनं तर तिची बाही चाटून ओली केली. ह्यांचा चेहरा खुलला.

तेवढ्यात मालक आला. "पोरगी लाखात एक आहे, मास्तर! पैकीच्या पैकी द्या." बोलता बोलता त्यानं खुंटीवरची टोपी घ्यायला हात वर केला.

गाई भिंतीकडे सरकल्या. मुलगीही सरकली.

ह्यांनी एकदा गाईंकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाळ, सामान भर."

"नको ना, सर! थोडेच दिवस राहिलेत. अर्धवट सोडलं तर नापास करतात. बाबा म्हणालेत, नापास झालीस तर शाळा बंद."

"मी बोलतो वरती. चल."

बोलले. हेडमास्तरांपुढे हात जोडले. उरलेले दिवस दुसऱ्या गोठ्यावर भरून घेतो म्हणाले. पण मालकाचा शेरा उत्तम होता, तिच्या अंगावर वळ नव्हता आणि ती तोंड उघडेना.

"गाई सरकल्या म्हणून मी नियम मोडू?" हेडमास्तर म्हणाले.

ती नापास झाली आणि वडील आमच्या घरी येऊन तिला घेऊन गेले. निघताना ती मला 'येते' म्हणाली. ह्यांच्याकडे तिनं पाहिलंही नाही.

पुढे इतकी वर्षं जगले, पण ह्यांनी तिचा विषय कधी काढला नाही. फक्त घरी आल्यावर टोपी खुंटीला लावताना आधी मागे वळून बघायचे आणि मग हात अगदी सावकाश वर न्यायचे. घरात मीच तेवढी असायचे, तरी.