तुळशीच्या हातचा राक्षस

मी राक्षस बोलतोय. घाबरू नका, लाकडाचा आहे. पोशेऱ्याच्या बाजूच्या आमच्या पाड्यावर बोहाडा होतो. माणसं मुखवटे चढवून देवादिकांची सोंगं नाचवतात आणि शेवटच्या सकाळी देवी राक्षसाला मारते. त्या राक्षसाचा मुखवटा मी.

मला तुळशीने कोरलं. पूर्वी पाड्याचे सगळे मुखवटे तिचा बाप ढवळू कोरायचा. पटाशी धरून लाकूड कोरायला त्यानेच तिला शिकवलं. पुढे ती ठाण्यात घरकामाला गेली, तिथून एका कुटुंबाबरोबर परदेशात. त्या देशात लढाई पेटली. मालक पळाले, ती मागे राहिली. सैनिकांनी तिला इतर बायकांबरोबर कोंडून ठेवलं, तिच्यावर बलात्कार केले. सुटून घरी आल्यावर विचारेल त्याला तिने हे सरळ सांगितलं. लपवलं नाही, एवढाच गुन्हा पाड्याला सापडला.

ढवळू तोवर वारला होता. देवीचा आणि राक्षसाचा, दोन्ही जुने मुखवटे वाळवीने खाल्ले होते. देवीचा नव्याने कोरायचा, एवढंच तुळशीने मागितलं.

पाड्याचा म्होरक्या सुदर्शन ओट्यावर येऊन बसला. तिच्या हातचा चहा प्यायला आणि म्हणाला, "तुळशे, हात तुझा बापावाणी हाय. पण देवी नको. बाटलेल्या हातची देवी लोक नाय मानायचे. तू राक्षस कर."

"देवीचं सोंग कोण घेतो, दादा?"

"मीच घेतो की."

"लुगडं नेसून?"

"मग? रीत हाय ती."

"तुला लुगडं चालतं, आणि मला पटाशी चालत नाय."

सुदर्शन उठून गेला. राक्षसाला विटाळ लागत नाही, हा या लोकांचा शोध. मी तेव्हा ओट्यावरचा नुसता ओंडका होतो, पण तेव्हापासून मला त्यांची किळस आहे. मी सोंग आहे हे मी कबूल करतो. ते करत नाहीत.

तिने मला कोरलं, आणि कुणाला न विचारता देवीही कोरली.

मग तुळशीची हकिगत ऐकून जव्हारहून गाडी करून शहरातली एक बाई आली, गळ्यात कॅमेरा. देवीकडे तिने पाहिलंही नाही. माझ्या सुळ्यांवर बोट ठेवून हळूच म्हणाली, "हा त्या सैनिकाचा चेहरा ना?"

"नाय बाई. आमचा राक्षस दरवर्षी सगळ्यांसमोर मरतो. ते कुठं मेले?"

बाईने माझा फोटो काढला. खाली सैनिकच लिहिलं असेल.

बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी सुदर्शन मला न्यायला आला, लुगडं नेसूनच. काखेत बाजारातली फायबरची देवी.

"दोघांना ने," तुळशी म्हणाली. "नायतर एकालाही नको."

"लोक जमलेत गं. त्यांना काय सांगू?"

"सांग, मारायला राक्षस नाय."

तो तसाच गेला. समोरच्या पटांगणात देवी एकटी नाचली. मला दारातून सगळं दिसत होतं. ती हवेत तलवार फिरवी, समोर पडायला कुणी नाही. राक्षस पडला की संबळ थांबवायचा, अशी रीत. वाजवणारा बिचारा थांबणार कसा? शेवटी सुदर्शनच धापा टाकत खाली बसला.

"देवीच पडली की," जयवंती म्हातारी म्हणाली. बायका पदराआड हसल्या.

आता मी तुळशीच्या कुडावर तिच्या देवीशेजारी टांगलेला आहे. पाडेकऱ्यांनो, मला मरायचंच आहे, त्यासाठीच माझा जन्म. पण तुमच्या बाजारच्या देवीसमोर मी पडणार नाही. ही शेजारची आणा. तिने तलवार उचलायच्या आधीच मी आडवा होतो.